ईमेल ॲप निवडताना: आधी आपलं टपाल चाळा, मग ॲप शोधा

आमच्या चौघांच्या गटाचा एक सामाईक पत्ता होता. चौकशी, तक्रार, बिल, सगळं त्यावरच यायचं. एकदा एका जुन्या ग्राहकाचा मेल आला. काम कधीपर्यंत होईल, एवढाच एका ओळीचा प्रश्न. सकाळी एकीनं तो फोनवर उघडला आणि "हे काम त्याच्याकडे आहे, तो कळवेल" असं म्हणून ती पुढे गेली. ज्याच्याकडे काम होतं त्याला दुपारी तो मेल आधीच वाचलेला दिसला, म्हणून कुणीतरी उत्तर दिलं असणार असं त्यानं धरलं. मी संध्याकाळी फक्त ठळक अक्षरातले, न वाचलेले मेल चाळले. हा त्यात नव्हताच. नवव्या दिवशी ग्राहकाचा फोन आला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर चार घरं होती.

ॲपमध्ये काहीही बिघाड नव्हता. ते निवडताना आम्ही दिसायला सुटसुटीत आहे ना, फोनवर पटकन उघडतं ना, एवढंच पाहिलं होतं. एखाद्या मेलचं उत्तर कुणाच्या अंगावर आहे हे दाखवायची सोय त्यात नव्हती, आणि आपल्याला ती लागणार आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून मी ॲप्सच्या याद्या वाचण्याआधी येणारं टपाल मोजायला बसते. खालचा क्रम त्यातूनच ठरत गेला.

पहिली पायरी: पत्ता, पेटी आणि ॲप वेगळं करून बघा

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पत्ता म्हणजे आपलं नाव आणि त्यापुढचं डोमेन, म्हणजे @ नंतरचा भाग. पेटी म्हणजे ज्या सर्व्हरवर, म्हणजे सेवेच्या सतत चालू असणाऱ्या संगणकावर, आपले मेल साठतात ती जागा. ॲप म्हणजे त्या पेटीत डोकावायची खिडकी. जीमेल आणि आउटलुक ही सेवांचीही नावं आहेत आणि ॲपचीही, त्यामुळे तिन्ही गोष्टी एकच वाटतात. पण जीमेलची पेटी ॲपल मेलमधून उघडता येते, आउटलुकमधून येते, थंडरबर्डमधूनही येते. खिडकी बदलायला घर बदलावं लागत नाही, आणि हे एकदा डोक्यात बसलं की ॲप बदलायची भीती निम्मी होते.

पेटी आणि ॲप एकमेकांशी बोलतात ते ठरावीक पद्धतींनी. पॉप ही त्यातली जुनी पद्धत. ती सर्व्हरवरचे मेल यंत्रावर उतरवून घेते आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसूनही टाकते. आयमॅप ही मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली तयार केलेली पद्धत. तीत मेल सर्व्हरवरच राहतात आणि फोन, लॅपटॉप, टॅब सगळीकडे एकच चित्र दिसतं. मी एकदा जुन्या लॅपटॉपवर घाईघाईत पॉप निवडलं होतं. दोन दिवसांनी फोनवरचा इनबॉक्स रिकामा! सगळे मेल त्या लॅपटॉपवर उतरून बसले होते. परत सर्व्हरवर चढवण्यात एक रविवार गेला. एकापेक्षा जास्त यंत्रांवर मेल बघणार असाल, तर आयमॅप घ्या किंवा त्या सेवेची स्वतःची जोडणी. पॉपच्या वाटेला जाऊ नका.

काही सेवांना मात्र बाहेरची खिडकी चालत नाही. टूटामध्ये आयमॅप नाहीच, तिथे त्यांचंच ॲप वापरावं लागतं. प्रोटॉन मेलची पेटी थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये उघडायची तर संगणकावर ब्रिज नावाचा त्यांचा जोडप्रोग्राम बसवावा लागतो, आणि तो पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. यात त्यांची चूक नाही. मेल कुलूपबंद ठेवायचं वचन पाळायचं तर असं करावंच लागतं. पण ॲप निवडायला बसण्याआधी आपली पेटी कोणत्या जातीची आहे ते कळलेलं बरं.

दुसरी पायरी: शेवटचे शंभर मेल मोजा

हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासात होतं आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात. कागद घ्या, इनबॉक्समधले शेवटचे शंभर मेल वरून खाली बघत जा आणि प्रत्येकासाठी एका रकान्यात एक रेघ मारा. रकाने पाच: मला उत्तर द्यायचं आहे, मला काही काम करायचं आहे, नुसतं वाचायचं आहे, जपून ठेवायचं आहे, मुळात यायलाच नको होतं.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा उत्तराच्या रकान्यात फक्त चौदा रेघा होत्या. शेवटच्या रकान्यात एकेचाळीस. मी मात्र उत्तरं भराभर लिहिता यावीत म्हणून महागडं ॲप घ्यायच्या बेतात होते! मला खरी गरज होती ती नको असलेली वार्तापत्रं बंद करण्याची आणि चांगल्या फिल्टरांची, आणि ती सोय हातातल्या ॲपमध्ये होतीच.

तुमचे आकडे वेगळे येतील, आणि ते काय सांगतात ते असं. उत्तराचा रकाना भरला असेल तर कीबोर्डवरून चालणारं, तयार उत्तरांचे साचे ठेवणारं, वेगवान ॲप कामाचं. कामाचा रकाना मोठा असेल तर मेल पुढे ढकलून ठरल्या वेळी परत समोर आणणारी सोय आणि कॅलेंडर किंवा कामांच्या यादीशी जोडणी बघा. जपून ठेवायचं जास्त असेल, म्हणजे करार, पावत्या, नकाशे, तर सगळा भर शोधावर द्या. आणि शेवटचाच रकाना सगळ्यात मोठा निघाला तर महिनाभर ॲप बदलू नका, आधी गाळणी लावा.

फिल्टर शक्यतो सेवेच्या वेबसाइटवर, म्हणजे सर्व्हरवर लावा. संगणकावरच्या ॲपमध्ये लावलेला फिल्टर सहसा ते ॲप चालू असेल तेव्हाच काम करतो. लॅपटॉप बंद करून प्रवासाला निघालात की फोनवर सगळा गाळ जसाच्या तसा दिसायला लागतो.

तिसरी पायरी: स्वतःपुरतं ॲप

एकट्या माणसाच्या वापरासाठी मी चार गोष्टी तपासते. बाकीच्या सोयी मिळाल्या तर आनंदच आहे.

शोध सगळ्यात आधी, आणि आपल्यासाठी यात एक जास्तीची मेख आहे. बऱ्याच ठिकाणी शोध पूर्ण शब्द जुळवतो. मराठीत शब्दाला प्रत्यय लागून तो बदलतो, त्यामुळे "बैठक" शोधलं तर "बैठकीला" आणि "बैठकीचं" हाती लागतीलच असं नाही. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. "दुसऱ्या" या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. म्हणून नवं ॲप हातात आलं की मी तीन शोध घेऊन बघते: एक मूळ शब्द, एक प्रत्यय लागलेला आणि एक असा र असलेला. त्याबरोबरच देवनागरी नाव असलेली एखादी फाइल जोडून स्वतःलाच पाठवा. उतरवताना नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर त्या ॲपला पहिल्याच दिवशी रामराम.

दुसरी गोष्ट, एकापेक्षा जास्त खाती. घरचा पत्ता आणि कामाचा पत्ता एकाच ॲपमध्ये असतील, तर उत्तर कोणत्या पत्त्यावरून जातंय ते लिहिताना ठसठशीत दिसायला हवं. ते बारीक राखाडी अक्षरांत लपवलेलं असेल, तर घरच्या पत्त्यावरून कामाचं पत्र केव्हातरी जाणारच.

तिसरी, पाठवलेलं मागे घेणं. जीमेलमध्ये ही मुदत जास्तीत जास्त ३० सेकंद ठेवता येते, पण आधीपासून ती कमी असते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन वाढवा. ॲपल मेलमध्येही ही सोय २०२२ पासून आहे. ही ॲप्स गेलेला मेल परत आणत नाहीत, तेवढे सेकंद तो धरून ठेवून मग सोडतात. मुदत संपली की मेल समोरच्याचा झाला.

चौथी, नेट नसताना काय होतं. विमान मोड लावा, तीन महिन्यांपूर्वीचा एक मेल उघडा, त्याची अटॅचमेंट उघडा, उत्तर लिहून पाठवा. काय उघडलं नाही आणि काय रांगेत थांबलं, ते लगेच कळतं.

आता नावं. पेटी जीमेलची असेल आणि लेबलांवर, म्हणजे जीमेलमधल्या फोल्डरसारख्या खुणांवर, तुमचं काम चालत असेल, तर जीमेलचंच ॲप आणि वेबसाइट सोडून जायला मला सहसा कारण दिसत नाही. एका मेलला तीन लेबलं लावली की बाहेरच्या ॲपमध्ये तो तीन फोल्डरांत दिसतो आणि डोकं फिरतं. आयफोनवरच्या ॲपल मेलमध्ये जीमेलचं खातं जोडलं तर नवा मेल आल्या क्षणी दिसत नाही, ठरावीक अंतरानं आणला जातो. तातडीचं काम असणाऱ्यानं हे आधीच ध्यानात ठेवावं. दिवसभर मीटिंगा आणि वर्ड-एक्सेलमध्ये बुडालेल्या माणसाला आउटलुकचं कॅलेंडर सोडवत नाही, आणि ते योग्यच आहे. पाच-सहा खाती, वर्षानुवर्षांचा साठा आणि सगळं आपल्या यंत्रावर असावं अशी इच्छा असेल तर थंडरबर्ड. ते मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, २००४ पासून टिकून आहे, आणि आता त्याचं अँड्रॉइड ॲपही आहे. ते पूर्वीच्या के-नाइन मेलवर उभं केलेलं आहे. मेल पुढे ढकलायची सोय त्यात मुळातून नाही, ती हवी असेल तर नंतर निराशा होईल. सुपरह्यूमन हे ॲप दरमहा पैसे घेतं आणि कीबोर्डवर हात बसलेल्या माणसाला खरोखर वेग देतं. रोज दहा मेलना उत्तर देणाऱ्यानं ते घेऊ नये. त्यातून वाचणारा वेळ मोजायला गेलात तर हाताशी काही लागत नाही.

एआयनं सारांश काढून देणं हल्ली बऱ्याच ॲप्समध्ये येतंय. तपासायचं असेल तर एक लांबलचक संवाद घ्या, ज्यात तारीख आधी एक ठरली आणि मग बदलली. सारांशात जुनी तारीख आली तर त्यावर विसंबू नका.

चौथी पायरी: मेल कुठून कुठे जातो ते विचारा

ॲप तुमच्या यंत्रावरून थेट पेटीशी बोलतं, की मध्ये स्वतःच्या सर्व्हरचा एक थांबा घेतं? थंडरबर्ड आणि ॲपल मेल थेट बोलतात. विंडोजवरचं नवं आउटलुक जीमेलसारखी बाहेरची खाती जोडताना त्यांचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये उतरवून घेतं. जुनं, संगणकावर चालणारं आउटलुक तसं करत नाही. नाव एकच, पण वागणं वेगळं. यंत्र बंद असतानाही ठरल्या वेळी मेल पाठवायचा किंवा वर आणायचा तर कुठल्या ना कुठल्या सर्व्हरला जागं राहावंच लागतं. ही देवघेव आहे. ती समजून मान्य केली तर हरकत नाही, फक्त वकिली, वैद्यकीय किंवा पगाराची कागदपत्रं ज्या पत्त्यावर येतात तिथे मी थेट बोलणारंच ॲप ठेवते.

खातं जोडताना ॲप तुम्हाला सेवेच्या स्वतःच्या पानावर नेऊन परवानगी मागतं का, ते बघा. तो योग्य मार्ग. गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या ॲपला आत घेणं २०२२ मध्येच बंद केलं. एखादं ॲप आपल्याच चौकटीत तुमचा मुख्य पासवर्ड टाकायला सांगत असेल तर तिथेच थांबा. आणि मेलमधली बाहेरून येणारी चित्रं आपोआप उघडणं बंद ठेवा. एका ठिपक्याएवढ्या अदृश्य चित्रावरून तुम्ही मेल कधी उघडलात ते पाठवणाऱ्याला कळतं.

पाचवी पायरी: गटासाठी वेगळा विचार

गटाचं ॲप म्हणजे एकट्याच्या ॲपच्या चार प्रती, असं समजून आम्ही फसलो. एकट्या माणसाला "हा मेल वाचला का" एवढं पुरतं. गटाला तीन प्रश्नांची उत्तरं पडद्यावर हवी असतात: हे कुणाकडे आहे, आत्ता कुणी उत्तर लिहितंय का, आणि हे संपलं का. वाचलेलं आणि न वाचलेलं या दोनच खुणांवर यातलं एकही कळत नाही.

सामाईक पत्ता चालवायचे प्रकार साधारण चार. पहिला, एकच पासवर्ड सगळ्यांना देऊन ठेवणं. तो आजच बंद करा. कुणी काय पाठवलं कळत नाही, आणि एक माणूस गट सोडून गेला की सगळ्यांना पासवर्ड बदलत बसावं लागतं. ते काम नेहमी उद्यावर जातं. त्याऐवजी जीमेलमध्ये खात्याचा प्रवेश दुसऱ्याला सोपवायची सोय आहे. तो माणूस स्वतःच्या खात्यातून तुमची पेटी उघडतो, पासवर्ड तुमच्याकडेच राहतो. वैयक्तिक खात्यावर असे १० जण जोडता येतात.

दुसरा, वितरण यादी. एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्यांच्या पेटीत जातो. सूचना कळवायला ठीक, ग्राहकांना उत्तरं द्यायला वाईट. प्रत्येकाकडे वेगळी प्रत असते, त्यामुळे दुसऱ्यानं उत्तर दिलं की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तिसरा, खरी सामाईक पेटी. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ५० जीबीपर्यंतच्या अशा पेटीला वेगळा परवाना लागत नाही, ती वापरणाऱ्या माणसांकडे मात्र आपापला परवाना असावा लागतो. गूगलच्या बाजूला गूगल ग्रुप्समध्ये सहयोगी इनबॉक्स सुरू करता येतो. त्यात एखादा संवाद एखाद्याच्या नावावर लावता येतो आणि पूर्ण झाल्याची खूण करता येते. तो देखणा नाही, फोनवर वापरायला तर अवघडच. पण पैसे आधीच भरले असतील तर दोन-चार माणसांच्या गटानं सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

चौथा, यासाठीच बनवलेली ॲप्स: फ्रंट, मिसिव्ह, हेल्प स्काउट, आणि हलक्या वापरासाठी स्पार्कची गटासाठीची आवृत्ती. यात मेलच्या खालीच आपसात बोलता येतं आणि ते ग्राहकाला दिसत नाही. मेल नावावर लावता येतो. दुसरं कुणी उत्तर लिहीत असेल तर ते दिसतं. आमच्याकडे बदल घडवला तो या आपसातल्या टिपणानं. आधी मेल फॉरवर्ड करून "हे बघशील का" असं विचारायचो आणि मग एकाच विषयाचे चार धागे व्हायचे, त्यातला खरा कुठला ते कुणालाच सांगता यायचं नाही. आता प्रश्नही तिथेच आणि उत्तरही तिथेच.

यातल्या बहुतेक ॲप्सचे पैसे माणशी दरमहा मोजले जातात. म्हणून आधी दोन आठवडे मोजा: सामाईक पत्त्यावर रोज किती मेल येतात, आणि त्यातल्या कितींना दोघांनी उत्तर दिलं किंवा कुणीच दिलं नाही. दुसरा आकडा शून्य असेल तर तिसऱ्या प्रकारावर थांबा.

ॲप कुठलंही घ्या, एक नियम कागदावर लिहून सगळ्यांच्या समोर ठेवा. आमचा असा आहे: जो मेल पहिल्यांदा उघडेल त्यानं तो लगेच कुणाच्या तरी नावावर लावायचा, नाहीतर परत न वाचलेला करून ठेवायचा. मधली अवस्था नाही. हा नियम नसेल तर सगळ्यात भारी ॲपमध्येही तो नऊ दिवसांचा मेल पुन्हा घडतो.

सहावी पायरी: दोन आठवडे खऱ्या मेलवर चालवा

चाचणीसाठी वेगळं रिकामं खातं उघडू नका. रिकाम्या पेटीत सगळीच ॲप्स चपळ वाटतात. दोनच ॲप्स निवडा, आपली खरी, भरलेली पेटी दोन्हीत जोडा, आणि एक आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरं असं वापरा. गट असेल तर तंत्रज्ञानाला सगळ्यात जास्त घाबरणाऱ्या सदस्याच्या हातात पहिल्या दिवशीच द्या. ज्याला सगळं पटकन जमतं तो कुठल्याही ॲपमध्ये काम काढून घेतो, पण घोडं अडतं ते दुसऱ्यापाशी.

या काळात कुठेतरी "असं का नाही होत" असं मनात आलं की एक ओळ लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी त्या ओळी वाचा. एकच तक्रार चार वेळा आली असेल तर ती सवयीनं जाणार नाही.

सातवी पायरी: हलवताना आणि हलवल्यावर

मेल पेटीत आहेत, त्यामुळे ॲप बदलताना ते हलवावे लागत नाहीत. हलवावं लागतं ते ॲपनं स्वतःच्या वहीत लिहिलेलं: पुढे ढकललेले मेल, ठरल्या वेळी जाणारे मेल, तयार उत्तरांचे साचे, आपसातली टिपणं, स्वाक्षऱ्या. आयमॅपला यातलं बहुतेक काही कळत नाही, म्हणून नव्या ॲपला ते दिसत नाही. जुनं काढण्याआधी पुढे ढकललेलं सगळं इनबॉक्समध्ये परत आणा, रांगेतले मेल तपासा, साचे एका साध्या फाइलीत उतरवून ठेवा.

ही काळजी उगाच नाही. मेलबॉक्स नावाचं ॲप लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. ड्रॉपबॉक्सनं ते २०१३ मध्ये विकत घेतलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. गूगलचं स्वतःचं इनबॉक्स नावाचं ॲप २०१४ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये गेलं. दोन्ही वेळा लोकांचे मेल सुरक्षित राहिले कारण ते पेटीत होते, पण त्या ॲपभोवती बसवलेली कामाची घडी मोडली. म्हणून वर्षातून एकदा पेटीची पूर्ण प्रत उतरवून घ्या. गूगलच्या खात्यातल्या टेकआउट या प्रत काढून घ्यायच्या सोयीतून ती एमबॉक्स प्रकारच्या फाइलीत मिळते, आणि ती फाइल एका ॲपपुरती अडकलेली नसते.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे आणि ते राहूनच जातं. चाचणीच्या काळात जोडलेली, पण न निवडलेली ॲप्स फोनवरून काढली तरी त्यांना दिलेली परवानगी खात्यावर तशीच राहते. आपल्या खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जा, बाहेरच्या ॲप्सची यादी उघडा आणि नको असलेल्या प्रत्येकाचा प्रवेश एकेक करून रद्द करा. मी गेल्या वेळी ती यादी उघडली तेव्हा त्यात तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळपुरतं बघितलेलं एक ॲप होतं, आणि माझा प्रत्येक मेल वाचायची मुभा त्याच्याकडे अजून होती.